वाचक विचारतात : सुई लावली की गाठ पसरते का?

या महिन्याच्या टपालात स्तनाच्या गाठीबद्दलची पत्रं इतकी आली, की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळली आहेत.

वहिनींचं वय ४६. उजव्या स्तनात गाठ आहे. मोठ्या दवाखान्यात आधी सुईची तपासणी करा म्हणाले. घरातली मोठी माणसं म्हणतात, गाठीला डिवचलं की ती पसरते, सरळ काढून टाका. गावातले डॉक्टरही थेट काढायला तयार आहेत. काय करावं? – सातारा

आधी सुई. यात दोन मतं नाहीत.

पसरण्याची भीती कुठून आली ते समजण्यासारखं आहे. पूर्वी सुईपर्यंत पोचणाऱ्या बऱ्याच बायकांचा आजार आधीच पुढे गेलेला असायचा. रिपोर्ट आला की घाबरून काही जणी दोन-तीन महिने घरी किंवा दुसऱ्याच औषधावर काढायच्या, आणि मग खापर सुईवर फुटायचं. सुईच्या वाटेवर थोड्या पेशी सांडू शकतात हे खरं. पण त्यातल्या बहुतेक मरतात, आणि तो भाग पुढच्या ऑपरेशनमध्ये किंवा रेडिएशनमध्ये येतोच. सुई लावलेल्या बायका त्यामुळे कमी जगल्या, असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

नुकसान होतं ते थेट काढल्याने. काय आहे ते ठाऊक नसताना गाठ काढली तर कडेला आजार राहून जातो आणि दुसरं ऑपरेशन लागतं. छेद भलत्या जागी पडतो. शिवाय हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेली) किंवा ट्रिपल निगेटिव्ह (हर-टू आणि हार्मोनच्या दोन्ही खुणा नसलेली) प्रकारची गाठ दोन सेंमीहून मोठी असेल तर बहुधा केमो आधी देतात, कारण औषध लागू पडतंय का ते गाठीवर बघता येतं. गाठच काढून टाकल्यावर बघणार कशावर?

सुईतही दोन प्रकार. एफएनएसी म्हणजे इंजेक्शनच्या बारीक सुईने ओढलेल्या सुट्या पेशी. आजार दुधाच्या नळीतच आहे की बाहेर पडला आहे, हे त्यातून कळत नाही. काखेतल्या गाठीसाठी, म्हणजे लसिकाग्रंथीसाठी, ती चालते. स्तनातल्या गाठीसाठी मात्र कोअर बायोप्सीच मागा, तिला ट्रूकटही म्हणतात. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, १४ गेजच्या सुईने चार-पाच तुकडे घेतात. दर वेळी स्टेपलरसारखा ‘खट’ आवाज होतो. तो आधी ऐकवून घ्या, म्हणजे दचकायला होत नाही. तुकडे शेवईएवढे जाड आणि दीड-दोन सेंमी लांब. फॉर्मलिनच्या बाटलीत टाकल्यावर गाठीचा तुकडा बहुधा तळाशी जातो, नुसती चरबी आली असेल तर तरंगते. सगळेच तुकडे तरंगले तर डॉक्टर आणखी एक घेतात.

खरी गडबड होते ती पुढे, बाटलीत. तुकडे तासाभराच्या आत दहा टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये पडायला हवेत, आणि सहा ते ७२ तास त्यातच राहायला हवेत. सलाइनमध्ये किंवा कोरड्या बाटलीत गेले, किंवा शनिवारी घेतलेले तुकडे लांबच्या लॅबला बुधवारी पोचले, तर ईआर, पीआर (या हार्मोनच्या खुणा) आणि हर-टू या तपासण्या फसतात. ईआर खोटा निगेटिव्ह आला तर पाच वर्षं घ्यायची साधी गोळी हातची जाते. म्हणून बायोप्सी शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला करा आणि बाटलीवर वेळ लिहायला सांगा. हर-टू ‘दोन प्लस’ आला तर तो धड होकार नाही, धड नकारही नाही. फिश नावाची पुढची तपासणी लागते.

ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. सुईनंतर दहा मिनिटं घट्ट दाबून धरतात. आठवडाभर जागा काळी-निळी दिसेल. त्या दिवशी हंडे-कळशा उचलायच्या नाहीत, बाकी घरचं काम चालतं.

रिपोर्टवर ‘बायरॅड्स ४ए’ लिहिलं आहे. चौथी स्टेज का? रात्रभर झोप नाही. – पुणे

नाही. हा गोंधळ इतका नेहमीचा आहे, की खरं तर रिपोर्टवरच खुलासा छापायला हवा. बायरॅड्स म्हणजे चित्र बघून रेडिओलॉजिस्टला वाटलेला संशय. स्टेज म्हणजे सिद्ध झालेला आजार कुठवर पोचला आहे ते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

४ए म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता दोन ते दहा टक्के. ४बी दहा ते पन्नास, ४सी पन्नास ते ९५, आणि पाच म्हणजे ९५च्या वर. चार आणि पाच, दोन्हींना बायोप्सी लागते. तुमच्या बाबतीत दहापैकी नऊहून अधिक वेळा काही निघणार नाही, पण त्या भरवशावर सुई टाळू नका. तीन म्हणजे दोन टक्के किंवा त्याहून कमी, तिथे सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढतात. आणि शून्य म्हणजे ‘काही नाही’ नव्हे! शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी फिल्म किंवा सोनोग्राफी हवी. शून्य बघून निश्चिंत होऊन घरी बसू नका.

आणखी एक बघा. चित्रात बायरॅड्स पाच आणि बायोप्सीत ‘साधी गाठ’ असं आलं, तर आनंद करण्याआधी विचारा, की दोन्हींचा मेळ बसतो का. बसत नसेल तर सुई चुकली असं धरून बायोप्सी पुन्हा करतात.

तुमच्या रिपोर्टमध्ये ‘घनता सी’ असंही आहे. स्तनात चरबी कमी आणि ग्रंथींचं ऊतक जास्त, एवढाच अर्थ. तरुणपणी ते सर्रास असतं. मॅमोग्राफीत हे ऊतक पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच, म्हणजे खिरीतला एखादा वेगळा दाणा शोधण्यासारखं. अशा वेळी सोनोग्राफी जोडीला हवीच. पातळ काप दाखवणारी टोमोसिंथेसिस, म्हणजे थ्री-डी मॅमोग्राफी मिळाली तर उत्तम. मात्र सोनोग्राफी मॅमोग्राफीची जागा घेत नाही. चुन्याचे बारीक कण, जी नळीतल्या कॅन्सरची पहिली खूण असू शकते, सोनोग्राफीत बहुधा हुकतात.

मॅमोग्राफीत फार दाबतात म्हणे. आणि किरणांचं काय? – नाशिक

दाबतात, काही सेकंद. न दाबता काढलं तर किरण जास्त लागतात, चित्र हलतं आणि ऊतक एकावर एक येऊन गाठ झाकली जाते. दोन्ही स्तनांचे मिळून चार फोटो: दोन वरून खाली, दोन काखेच्या बाजूने तिरके. तिरक्या फोटोत छातीचा स्नायू खालपर्यंत दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर मागचा भाग सुटला, आणि फोटो पुन्हा काढायला सांगणारी टेक्निशियन त्रास देत नसते, काम चोख करत असते. पाळी चालू झाल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसात गेलात तर दुखणं कमी. किरणांचं प्रमाण साधारण ०.४ मिलिसीव्हर्ट, निसर्गातून दोनेक महिन्यांत आपल्याला मिळतं तेवढं.

त्या दिवशी अंघोळ करा, पण काखेत पावडर, डिओ, मलम काही नको. डिओतल्या ॲल्युमिनियमचे आणि पावडरीचे कण फिल्मवर हुबेहूब चुन्याच्या कणांसारखे उमटतात, आणि मग विनाकारण दुसरी फेरी. साडी किंवा सलवार-कमीज बरी, वरचाच भाग उतरवायचा असतो. मंगळसूत्र काढावं लागेल. आणि जुन्या फिल्म न्याच. तीन वर्षांपूर्वी जी सावली तशीच होती तिला कोणी घाबरत नाही.

आमच्या महिला मंडळात ‘हात न लावता, न दुखता’ कॅमेऱ्याने तपासणी झाली. सगळ्यांना हिरवा रिपोर्ट. आता मॅमोग्राफी नको ना? – कोल्हापूर

हवी. तो कॅमेरा कातडीची उष्णता मोजतो, आतली गाठ बघत नाही. लहान किंवा खोल गाठ कातडीला गरम करेलच असं नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) स्पष्ट बजावलं आहे, की ही तपासणी, म्हणजे थर्मोग्राफी, मॅमोग्राफीला पर्याय नाही. हाताला गाठ लागत असेल, निप्पल आत ओढलं गेलं असेल किंवा रक्ताळ पाणी येत असेल, तर हिरवा रिपोर्ट बाजूला ठेवा.

बहिणीला आधी केमो आहे. त्याआधी गाठीत धातूची क्लिप बसवायला सांगितलं. गाठ हाताला एवढी लागते, मग खूण कशाला? खर्च वाढवतात का? – नागपूर

आज लागते. औषध लागू पडलं तर चौथ्या-पाचव्या डोसला लागणार नाही, कदाचित सोनोग्राफीतही दिसणार नाही. तेव्हा सर्जन विचारेल: कुठे होती? आणि कोणालाच नेमकं सांगता येणार नाही. मग एक तर अंदाजाने मोठा भाग काढायचा, नाही तर सगळा स्तन. उपचार उत्तम झाला म्हणून ऑपरेशन मोठं, अशी ही उलटी गत. ती टाळायला ही क्लिप.

क्लिप दोन-तीन मिलिमीटरची, टायटॅनियमची. जागा बधिर करून सोनोग्राफीत सुईतून गाठीच्या मधोमध सोडतात. केमोआधी बसवणं उत्तम, फार तर पहिल्या डोसनंतर. बसवल्यावर मॅमोग्राफीचे दोन फोटो काढतात, ती जागेवर आहे की सरकली ते बघायला. एमआरआयला अडचण येत नाही. महागडी परवडत नसेल तर ऑपरेशनमध्ये वापरायच्या साध्या टायटॅनियम क्लिपाही काही ठिकाणी याच कामी वापरतात, विचारून बघा. काखेतली गाठ सुईत पॉझिटिव्ह आली असेल तर तिथेही खूण करता येते.

क्लिप न घालताच केमो सुरू झाली असेल तर निदान नोंद नीट करून घ्या. स्तन म्हणजे घड्याळाची तबकडी धरतात: ‘उजवा, दहा वाजता, निप्पलपासून चार सेंमी’, असं मोजमापासह आणि फोटोसह.

ऑपरेशनच्या सकाळी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीत बघून क्लिपपर्यंत बारीक आकड्याची तार घालतात. तार बाहेर टेपने चिकटवलेली असते, तेवढा वेळ हात डोक्यावर नेऊ नये, झोळी खांद्याला अडकवू नये, तार सरकते. तारेऐवजी चुंबकीय बी आधीच्या दिवसांत घालता येते, पण ती महाग आणि एमआरआयचं चित्र बिघडवणारी. काढलेल्या भागाचा टेबलवरच एक्स-रे घेतात. त्यात क्लिप दिसली, म्हणजे बरोबर जागा निघाली.

गाठ पूर्ण विरघळली तर ऑपरेशन नकोच का, असंही तुम्ही विचारलंत. तसं नाही. चित्र कोरं दिसलं तरी आत पेशी असू शकतात, एमआरआयलाही त्या चुकतात. अशांना ऑपरेशन टाळता येईल का यावर काम चालू आहे, पण ते संशोधनाच्या चौकटीतच.

आत्याचा हात ऑपरेशननंतर कायमचा सुजला. आता आईचं ऑपरेशन आहे. काख न उघडता होतं का? – सोलापूर

पूर्वी काखेतल्या सगळ्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, काढायच्या, दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त. त्यात साधारण पाचांत एकीचा हात सुजतो. आता काखेत आजार दिसत नसेल तर आधी ‘पहारेकरी’ गाठी शोधतात, म्हणजे स्तनातला लसिकाद्रव जिथे पहिल्यांदा पोचतो त्या एक ते तीन. त्या साफ असतील तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. सुजेचं प्रमाण वीसांत एकीच्या आसपास येतं आणि बहुधा ड्रेनची नळीही लागत नाही.

पहिली पायरी सोनोग्राफी. काखेतल्या गाठीची कड तीन मिलिमीटरहून जाड किंवा मधली चरबी नाहीशी झालेली दिसली, तर तिला सुई लावतात. ती साफ निघाली तरच पुढे. भूल दिल्यावर निप्पलभोवती निळा रंग टोचून पाचेक मिनिटं चोळतात. जोडीला टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ आधी दिला असेल तर किरण टिपणाऱ्या गॅमा प्रोबने काखेत आवाजावरून गाठ सापडते. दोन्ही वापरले तर चुकण्याची शक्यता कमी होते. काही ठिकाणी आयसीजी हा हिरवा रंग आणि खास कॅमेरा असतो.

आपल्याकडे निळा रंग म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू. स्वस्त आहे, पण कातडीतच टोचला तर कातडी मरते, म्हणून पातळ करून खोलवर देतात. पुढे दिवस-दोन दिवस लघवी हिरवी-निळी होते, घाबरू नका. ऑपरेशन चालू असताना बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्रही खोटा कमी आकडा दाखवतं, ते भूलतज्ज्ञांना ठाऊक असतं. मात्र आईला उदासीची गोळी चालू असेल तर आधी जरूर सांगा. त्यातल्या काही गोळ्यांशी मिथिलीन ब्लूचं अजिबात जमत नाही.

गॅमा प्रोब नसलेल्या ठिकाणी काय? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ‘लो ॲक्झिलरी सॅम्पलिंग’ची पद्धत अभ्यासली गेली आहे. काखेतून जाणाऱ्या एका ठरावीक नसेच्या खालची चरबी आणि गाठी एकत्र काढायच्या. महागडं यंत्र लागत नाही.

एक-दोन पहारेकरी गाठींत आजार निघाला तरी प्रत्येकीची पूर्ण काख उघडावी लागते असं नाही. झेड-००११ या अमेरिकी चाचणीने २०११ मध्येच दाखवलं, की गाठ पाच सेंमीपर्यंत असेल, स्तन वाचवला असेल आणि पुढे रेडिएशन होणार असेल, तर त्याविना चालतं. २०२३ मध्ये इटलीतल्या साउंड चाचणीने पुढचं पाऊल टाकलं: दोन सेंमीपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत काख साफ, तर पहारेकरी गाठही न काढता पाच वर्षांनी निकाल तितकेच चांगले. आईचं वय, गाठीचा प्रकार आणि माप घेऊन सर्जनला याबद्दल विचाराच.

सगळा स्तन काढला तर कटकट मिटेल ना? रेडिएशनला रोज शहरात कोण नेणार? – लातूर

स्तन ठेवून फक्त गाठ काढली आणि रेडिएशन दिलं, तर जगण्याचं प्रमाण तितकंच. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी या सर्जनांच्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले, त्यात हेच दिसलं. ‘सगळं काढलं म्हणजे सगळं गेलं’ हे मनाचं समाधान आहे. शिवाय काखेत आजार असेल तर सगळं काढूनही रेडिएशन लागू शकतं.

रोजच्या खेपा मात्र खऱ्या आहेत. पाच-सहा आठवड्यांचा जुना हिशेब आता राहिलेला नाही. ४० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप) १५ वेळा, म्हणजे तीन आठवडे, हे रुळलं आहे. काहींना २६ ग्रे पाच वेळांत, एका आठवड्यात देतात. केंद्राला फोन करून ‘किती फ्रॅक्शन’, म्हणजे किती वेळा, हे ऑपरेशनच्या आधीच विचारा.

स्तन ठेवता येत नाही तेही सांगतो: आजार स्तनभर विखुरलेला, चुन्याचे संशयी कण दूरवर पसरलेले, छातीला पूर्वी रेडिएशन झालेलं, किंवा पुन्हा काढूनही कडा साफ येत नसतील तेव्हा. कडा कळाव्यात म्हणून काढलेल्या भागाला सर्जन दोरे बांधतो, छोटा वर, लांब बाहेरच्या बाजूला. लॅबमध्ये त्याला शाई लावतात. शाईला कॅन्सर टेकला नसेल तर कडा साफ. नळीतच असलेल्या कॅन्सरला दोन मिलिमीटर अंतर हवं. दुसऱ्यांदा थोडं काढावं लागण्याची शक्यता असते, ती चूक समजू नका.

पत्नीला स्तनाचा कॅन्सर आहे. मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिथे गाठ गोठवून मारतात, टाके नाहीत. इथे का नको? – ठाणे

ते क्रायोॲब्लेशन. सोनोग्राफीत बघत सुई गाठीत घालतात आणि अतिथंड वायूने बर्फाचा गोळा करतात. गोठवणं, वितळवणं, पुन्हा गोठवणं. कातडी जळू नये म्हणून मध्ये सलाइन टोचतात. आइस-थ्री नावाच्या अमेरिकी अभ्यासात घेतलेल्या बायका साठीपुढच्या, गाठ दीड सेंमीपर्यंत, हार्मोन पॉझिटिव्ह, कमी जोराची. पाच वर्षांत चारेक टक्के जणींना त्याच स्तनात आजार उलटला. अशा निवडक, विशेषतः ऑपरेशन न झेपणाऱ्या वयस्कर बाईसाठी विचार करण्याजोगं आहे. पण गाठ हातात येत नाही, म्हणजे तिचं खरं माप आणि कडा कधीच कळत नाहीत. तुमच्या पत्नीची गाठ तीन सेंमीची आहे. हा उपाय तिच्यासाठी नाही.

पेट स्कॅन (अख्ख्या शरीरात आजार शोधणारा) करून टाकावा का, मनाला शांती? – रत्नागिरी

गाठ लहान, काख साफ, हाडं दुखत नाहीत, लिव्हरच्या तपासण्या ठीक, तर नको. आपल्याकडे जुन्या टीबीच्या गाठीही पेटमध्ये चमकतात. शांती राहते बाजूला, नवी बायोप्सी मागे लागते. आजार पुढे गेलेला असेल तेव्हा तो उपयोगी.

आई आणि मावशी दोघींना झाला. माझा बीआरसीए दोष (कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक जनुकदोष) निघाला, वय ३१. आता तपासण्या कोणत्या? – पणजी

वर्षाला एमआरआय आणि वर्षाला मॅमोग्राफी, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने घेतल्या तरी चालतं. एमआरआय पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात, पालथं झोपून, शिरेतून औषध देऊन होतो. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासतात. केंद्र निवडताना दोन प्रश्न: स्तनाची खास कॉइल (एमआरआयमध्ये स्तनाचं चित्र टिपणारा भाग) आहे का, आणि एमआरआयतच दिसलेल्या गाठीची तिथे बायोप्सी होते का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढची सोय कुठे, ते आधी ठरवा.

आमच्या तालुक्याला मॅमोग्राफीचं मशीनच नाही. – नंदुरबार

मशीन नसलं तरी शिकलेला हात असतो, आणि त्याचा अभ्यास मुंबईतच झाला आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. त्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तेवढा फायदा दिसला नाही. सरकारी कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या बायकांची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा धरलेली आहे. आरोग्य केंद्रात मागा.

तपासणी धड झाली का, हे ओळखायचं कसं? आधी बसवून, हात वर करायला लावून, कातडी कुठे ओढली जाते का ते बघतात. मग झोपवून तीन बोटांच्या पेरांनी, हलकं, मध्यम आणि खोल अशा तीन दाबांनी, गळ्याच्या हाडापासून ब्राच्या रेषेपर्यंत पट्टे पाडत जातात. शेवटी दोन्ही काखा. कपडे न काढता, उभ्या-उभ्या अर्ध्या मिनिटात उरकलं तर ती तपासणी झाली नाही. आणि गाठ लागली तर मशीनची वाट बघत बसू नका. सोनोग्राफी तालुक्याला किंवा जिल्ह्याला मिळते, आणि कोअर बायोप्सी सोनोग्राफीवरच होते. मॅमोग्राफी त्यानंतरच्या आठवड्यात शहरात केली तरी चालेल.